पापडवालीची मराठी

टीव्हीवर विनोदी कामं करून आणि लिहून मी पंचवीस वर्षं पोट भरलं. सुरुवात कशी झाली असं कुणी विचारलं, की मी कल्याणच्या महिला मंडळातल्या हळदीकुंकवाची गोष्ट सांगते. लोकांना ती आवडते. मी ती नेहमी अर्धीच सांगते.

तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं गावाबाहेरच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती. तिथून एक बाई दर बुधवारी पापडांचा डबा घेऊन आमच्या आळीत यायची. तिशीची असेल. नवरा येताना वाटेतच गेलेला, पदरात एक मुलगी. मराठी ती दारोदार ऐकूनच शिकली होती; अडेल तो शब्द हिंदीतला घ्यायची. ओटीवर बसून आईशी बोलायची, आणि मी आतून ऐकायचे.

मुलीला मराठी शाळेत घालायचं तिच्या मनात होतं. ‘‘मुलगीला शिक्षा पाहिजे ताई,’’ ती आईला म्हणायची. ‘‘चांगली शिक्षा. मला नाही भेटली, तिला भेटेल.’’ तिला शिक्षण म्हणायचं असे. आई समजून मान हलवायची. मी आत तोंडावर पदर धरून हसायचे.

त्या वर्षी हळदीकुंकवाला मी दहा मिनिटांची नक्कल बसवली. डोक्यावरून ओढणी, काखेत घरचाच डबा. पापडवाली शाळेत जाते आणि मोठ्या बाईंना सांगते, ‘‘माझी मुलगीला रोज शिक्षा द्या. घरी मी पण देते.’’ बायका इतक्या हसल्या की मला दोनदा थांबावं लागलं. दोन ठिकाणांहून नकार आलेली, उंच, सावळी मुलगी होते मी. माझ्याकडे इतक्या जणी एकदम कौतुकाने बघताहेत असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

शेवटी हात जोडले तेव्हा ती मागच्या रांगेत दिसली. मंडळाने तिच्याकडून पापड घेतले होते म्हणून आईनेच तिला बोलावलं होतं. ती टाळ्या वाजवत होती.

बुधवारी ती आली ती थेट माझ्याकडे. ‘‘तू माझा बोलणं छान केली,’’ म्हणाली. ‘‘आता मला तुझा बोलणं शिकव. शाळेत जायचं आहे, मुलगीचं नाव घालायला. तिथे कोणी हसायला नको.’’

मी हो म्हटलं. दोन महिने दर बुधवारी तिला अर्धा तास बसवून घेतलं, चहा दिला. काही चुका सुधारल्या. पण ठाण्याच्या एका मंडळाने मला तीच नक्कल करायला बोलावलं होतं, आणि मला नवीन मजकूर हवा होता. त्यामुळे मी तिला बोलू द्यायचे जास्त, आणि ती गेली की वहीत उतरवून ठेवायचे. ‘शिक्षा’ हा शब्द मी सुधारलाच नाही. विसरले नव्हते. तो सुधारला तर ती तसं म्हणायची थांबेल, आणि मग मला त्यातली गंमत सापडणार नाही, असं काहीतरी मनात होतं. आज ते लिहितानासुद्धा कान गरम होतात.

ठाण्याचा कार्यक्रम छान झाला. त्यानंतर आठवड्याभरात ती शाळेत गेली.

पुढच्या बुधवारी ती ओटीवर बसली नाही. उभ्यानेच विचारलं, ‘‘शिक्षा म्हणजे काय?’’

मी सांगितलं.

‘‘तिथे सगळे हसले. एक बाई म्हणाली, अगं हीच ती, हळदीकुंकवातली.’’ मग तिने विचारलं, ‘‘तुला माहीत होता?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. खोटं बोलायचंही सुचलं नाही.

तिने डबा उचलला. त्यानंतरही ती आळीत येत राहिली, तिला यावंच लागत होतं. पण आमच्या दाराशी ती बोलत नसे. पापड पुढे करायची, आई देईल ते घ्यायची आणि जायची. ‘‘हिला झालंय तरी काय?’’ आईने मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

दोन वर्षांनी त्याच शाळेत मला बदली शिक्षिकेची नोकरी लागली. तिची मुलगी चौथीत, माझ्याच वर्गात. स्वच्छ, खणखणीत मराठी बोलायची. प्रगतिपुस्तक न्यायला मायलेकी आल्या. आई मागे उभी, बोलली मुलगीच. ‘‘आई विचारतेय, माझं गणित कसं आहे?’’

चार पावलांवर ती होती. माफी मागायला वर्ग रिकामा होता, वेळही होता. मी मुलीकडे बघून म्हणाले, ‘‘गणित चांगलं आहे, अक्षर सुधार.’’ तिने मला हात जोडले आणि मुलीला घेऊन गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी टीव्हीच्या पहिल्या मालिकेसाठी मी एक शेजारीण लिहिली. ती बोलते चुकीचं, तिच्याकडे शब्द असतात भलतेच. ते काम मीच केलं आणि त्याच कामाने मला नाव दिलं. शाळेचा प्रसंग लिहिताना हात अडखळला होता, म्हणून मी ‘मुलगीला रोज शिक्षा द्या’ या वाक्यावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. वाचनाच्या वेळी निर्मात्याने रेघेखालचं वाक्य मोठ्याने वाचलं. खोलीतले सगळे हसले. मी खोडरबर मागितलं आणि रेघ पुसली.