ऑइलपायी राहिलेली पंचमी

बैल होते तोवर आमचे दादा, म्हणजे वडील, त्यांना वैरण टाकल्याशिवाय चहाला तोंड लावत नसत. बैल विकले, जुनी मोटार घेतली, तरी दादांची ही खोड गेली नाही. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवायची आणि उजेडाकडं धरून बघायची. अख्ख्या ताडकळसात एवढी लाडावलेली गाडी दुसरी नसेल.

त्या गाडीचं वर्षातलं मोठं काम म्हणजे नागपंचमीला आत्याला जिंतूरहून माहेरी आणणं. आत्या दादांपेक्षा थोरली. नातवंडांची लग्नं झाली, तरी भाऊ मुराळी होऊन न्यायला आल्याशिवाय ती माहेराकडं निघायची नाही. एसटीत तिला मळमळायचं, म्हणून गाडी. गाडी घेतली तीच मुळी बहिणीसाठी, असा टोमणा आई मारायची, आणि तो काही खोटा नव्हता.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटाला गाडी ऑइल खायला लागली. पट्टी रोज कमी दाखवायची, दादा रोज थोडं ओतायचे, आणि मागून निळसर धूर निघायचा. मिस्त्री घरी येऊन पट्टी बघून गेला. म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात दादा. इंजिन खोलावं लागल." इंजिन खोलणं म्हणजे दादांच्या लेखी पोट फाडणं. ते नुसतं "बघू, बघू" करत राहिले.

पंचमी आली. माझं सासर परभणीतच, मी आपली स्कूटीवर बसून आले. म्हटलं, भाड्याची गाडी करू. दादा उखडलेच. "भाऊ जिता असताना बहीण भाड्याच्या गाडीत यील व्हय?" आई म्हणाली, मग एसटीनं जाऊन नुसतं भेटून तरी या. तर म्हणे, न्यायला गेलेल्यानं हात हलवत माघारी यायचं नसतं. आणि स्वतःची गाडी वाटेत बंद पडली तर अक्काला बसवायचं कुठं? त्यामुळं ना गाडी, ना एसटी. फोनवर मात्र दर वेळी सांगायचे, "अक्का, गाडीचं काम होऊ दे, न्यायला येतो." ती म्हणायची, "ये बापा, वाट बघायलेय मी." पंचमी गेली, पोळा गेला, दिवाळीसुद्धा गेली.

दिवाळी आटपल्यावर मी हवा भरायला गाडी पेट्रोलपंपावर नेली. ऑइलही बघून घे, अशी दादांची ताकीद होती. रांगेत बराच वेळ गेला, तेवढ्यात पट्टी ओढून बघितली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर बोटभर. पुसून पुन्हा बघितलं. तेच. घरी आणून लावली आणि जेवणं झाल्यावर बघितलं, तर खालच्या खुणेशी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चिखलात चाकं रुतू नयेत म्हणून दादांनी त्याच उन्हाळ्यात दारात सिमेंटचा चढ बांधून घेतला होता. गाडी त्यावर तोंड वर करून उभी राहायची, ऑइल मागं सरायचं आणि पट्टीला लागायचंच नाही. दादा पाजत राहिले, आणि जास्तीचं ऑइल धूर होऊन जात राहिलं. अति लाडानं पोर बिघडतं, तशातली गत.

मिस्त्रीनं जास्तीचं ऑइल काढलं, ऑइलनं माखलेली एक नळी धुतली, गाडी सपाटीवर लावायला सांगितली आणि थोडे दिवस पळवून बघितली. पट्टीवरची रेघ जागची हलली नाही, धूरही थांबला. त्यानंही चढावरच मोजलं होतं, त्यामुळं बिचारा फार बोलला नाही. दादा मात्र हरखले. सण नसला म्हणून काय झालं, असं म्हणत त्यांनी जिंतूरला फोन लावला. आत्याच्या मुलानं उचलला. "या मामा. पर न्यायचं म्हनू नका. आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय, बसवत न्हाई तिला. तुमाला घोर नको म्हून तिनंच सांगू दिलं न्हाई."

आम्ही गेलो. वाटेत पोटातलं पाणी हललं नाही, इतकी छान गेली गाडी. आत्या खाटेवर आडवी होती. दादा तिच्या पायाशी बसले आणि गाडीचीच कथा सांगायला लागले. तो चढ, ती पट्टी, तो धूर. दुसरं काही त्यांना सुचतच नव्हतं. आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "तू यस्टीनं आला असतास, तरी मी आले असते रे. ओकत ओकत आले असते."

गाडी खरोखरच बिघडलेली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. निदान सांगायला कारण तरी राहिलं असतं. दादा तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत बसले, आणि ते नीटच होतं.