लोहाराचा कुत्रा

बहारीनमधल्या हिद्दच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आयरिश साहेब आला आणि त्याच्याबरोबर त्याच्या पुराणातला एक बालवीरही आला. दर मीटिंगला तीच गोष्ट. या पोराने एका लोहाराचा राखणदार कुत्रा मारला. लोहार हळहळला, तेव्हा पोरगा म्हणाला, नवं पिल्लू मोठं होईपर्यंत तुझं दार मी राखतो. तेव्हापासून त्याचं नावच लोहाराचा कुत्रा पडलं. गोष्ट चांगली आहे. पंचावन्न वर्षांचा साहेब ती छाती पुढे काढून सांगायचा, तेवढंच वाईट.

मग साहेबाने गेटवरच्या वॉचमनला काढलं. गुन्हा काय, तर त्याने साहेबाच्याच गाडीला थांबवून आयडी कार्ड मागितलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून साहेब म्हणाला की, नव्या माणसाचा व्हिसा येईपर्यंत दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, गेट आमचे सीनियर फिटर सांभाळतील. त्यांची लीव्ह रद्द. फिटर रत्नागिरीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. पुढच्या आठवड्यात गावी त्यांच्या मुलीचा निकाह होता. साहेबाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बालवीराची पदवी त्यांना बहाल केली.

साहेबाचं इंग्रजी चाचांना कळत नसे. भाषांतराला मी, पर्चेसचा क्लार्क.

"काय बोलला?"

"लीव्ह रद्द. शुक्रवारी गेटवर बसायचं. आणि तुम्ही आपला कुत्रा आहात, म्हणतोय."

राखणदार म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

चाचांनी साहेबाचा हात खांद्यावरून काढला. "कुत्रा? का म्हणून?"

मी गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकली.

"म्हणजे ज्याने मारला, त्यानेच राखण केली?"

"हो."

"मग आमचा वॉचमन मी घालवला काय? विचारा त्याला."

मी विचारलं, शब्दाला शब्द. मागून कोणीतरी "खलास" म्हणालं आणि हसलं. साहेब लाल झाला.

"ती नुसती गोष्ट आहे," तो म्हणाला.

मी सांगितलं.

"निकाह गोष्ट नाही, म्हणावं."

तेही सांगितलं. सगळे साहेबाकडे बघत होते. त्याने लीव्हचा फॉर्म मागवला, उभ्यानेच सही केली आणि बदली माणसाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

चाचा गुरुवारी गेले. माझे पाच शुक्रवार गेटवर गेले. साहेब गाडीची काच वर करून आत जायचा. मीही खुर्चीतून उठत नसे.