तळाचे आलुबुखार

इश्बेलच्या डोक्याला त्या पुस्तकाने नुसता ताप आणला होता. किर्कलेनच्या चर्चमध्ये संत अँड्र्यूच्या दिवशी जेवण असतं, आणि तिथलं कॉक-अ-लीकी सूप एकतीस वर्षं तिच्याच हातचं. जून कोंबडा सकाळपासून मंद आचेवर, त्यात लीकच्या, म्हणजे विलायती कांद्याच्या, जाड जाड पाती, आणि उतरवायच्या आधी चांगल्या चार ओंजळी सुके आलुबुखार. गावाने कधी नाव ठेवलं नव्हतं.

आणि आता हे वॅटीमास्तर! शाळेतून निवृत्त झाले, घरी बसून कादंबरी लिहिली. त्यात नायकाची आई हेच सूप करते. पानभर वर्णन, आणि आलुबुखाराचा पत्ता नाही. ते वाचून एडिनबराच्या वाचक मंडळाच्या बायका यंदा खास जेवायला यायच्या होत्या.

"पुस्तकात आहे तसंच कर हं," महिला मंडळाची नेटी म्हणाली.

"पुस्तक चुकलंय."

"छापलेलं कसं चुकेल गं? जमत नसेल तर सांग, डाव मोराग घेईल हातात."

मोराग! जिचं सूप म्हणजे कोंबड्याच्या आंघोळीचं पाणी. इश्बेल तरातरा मास्तरांच्या घरी गेली.

"मास्तर, इतकी वर्षं माझ्या हातचं खाता. आलुबुखार कुठे गिळलेत?"

"कसले आलुबुखार? इश्बेलबाई, मला तर कधी एकही दिसला नाही."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचाच तिला जास्त राग आला. घरी पातेलं घासता घासता तिचा हात थांबला. मास्तर बसतात पाळकांच्या टेबलाशी. पहिल्या वाढपाचा मान त्या टेबलाचा. आलुबुखार तर फुगून तळाशी बसतात. म्हणजे वरवरचं निवळ मानकऱ्यांना, आणि तळाचं सगळं दाराजवळच्या बाकांना!

"अगं भवाने, ढवळता येत नव्हतं?" ती स्वतःवरच करवादली.

जेवणाच्या दिवशी तिने आलुबुखार टाकलेच. प्रार्थना झाली आणि इश्बेलने दाराजवळच्या बाकांपासून वाढायला घेतलं. नेटीने डोळे वटारले, पण पाहुण्यांसमोर बोलते काय? मास्तरांच्या वाडग्यात शेवटी तळ आला. त्यांनी चावलं, बी कडेला ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. शेजारची पाहुणी पुस्तकातलं पान शोधत होती.

"मिटा हो ते," मास्तर हळूच म्हणाले. "इश्बेलबाई, पुढच्या आवृत्तीत घालतो."

"घालाल तेव्हा घाला. आधी नेटीला सांगा, डाव कुणाचा ते."

"तुमचाच, बाई. आणखी कुणाचा?"

नेटीने आपला वाडगा पुढे केला. इश्बेलने तिला ढवळून वाढलं.