दाण्यांचा वर्ग

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. जामखेडकडच्या आमच्या गावातल्या मिशनच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका झाले होते, आणि माझी धाकटी बहीण त्याच शाळेत ढ म्हणून प्रसिद्ध होती. बरोबरीच्या मुली धडे वाचायच्या, हिला क आणि फ यांतला फरक कळत नव्हता. मी जन्माची तापट. तिला शिकवायला बसले की थोड्याच वेळात पाटी आपटायची. आई म्हणायची, "तुझ्यापरीस आपल्या गाढवाला धीर लई हाय."

तेवढ्यात पुण्याहून ट्रेनिंग कॉलेजातले एक प्रोफेसर संशोधनाला आले. मागे पडणारं मूल मठ्ठ नसतं, त्याला त्याच्या तऱ्हेने शिकवलं तर ते शिकतं, हे त्यांना शास्त्राने सिद्ध करायचं होतं. त्यासाठी आधी एकेका मुलाला आत बोलावून प्रश्न विचारायचे आणि त्याची बुद्धी मोजायची. मागे पडतील त्यांचा वेगळा वर्ग करून शिकवायचं, आणि थंडी सरली की तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. ज्वारी मापाने मोजतात, कापड गजाने मोजतात, बुद्धी कशाने मोजतात ते मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगते, अजूनही कळलेलं नाही. पण धाकटी त्या वेगळ्या वर्गात गेली आणि तो वर्ग माझ्याकडे आला.

प्रोफेसर म्हणाले, प्रत्येकाची तऱ्हा शोधा. एका मुलाला ऐकून यायचं, एकीला चालता चालता. धाकटीची तऱ्हा बोटांत निघाली. जमिनीवर खडूने अक्षर काढायचं, त्यावर तिने ज्वारीचे दाणे मांडायचे, मग डोळे मिटून बोट फिरवायचं. गाव आम्हाला दाण्यांचा वर्ग म्हणायला लागलं. कोंबड्या आत शिरायच्या ते वेगळंच. नाताळाच्या सुमाराला तिने 'कणीस' हा शब्द मांडला आणि आपला आपण वाचला. मी सगळ्या वर्गासमोर ढसाढसा रडले. मला तिचा राग यायचा केव्हा थांबला, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

थंडी सरली आणि प्रोफेसरांनी पुन्हा बुद्धी मोजली. आमचा अख्खा वर्ग वर निघाला, आणि धाकटी सगळ्या शाळेच्या पुढे. प्रोफेसरांना आनंद मावेना. माझं मात्र डोकं चालेना. जोडाक्षराला अजून अडखळणारी ही पोरगी, मी न शिकवलेल्या गोष्टी घडाघडा सांगते कशी? प्रोफेसर म्हणाले, "बाई, शास्त्र म्हणतात ते हेच. ही मुलं आता मागे नाहीत. यांना वेगळ्या वर्गाची गरज उरली नाही." मी हो म्हटलं. आकडे त्यांच्याकडे होते, माझ्याकडे नुसतं नवल.

घरी आले तर आई गालात हसत होती.

"आगं, परीक्षा हाय म्हनल्यावर लेकराला घोकवायचं न्हाई तर काय करायचं? मागल्या बारीला पोरं भाईर आली तशी आमी आयांनी इचारून घेतलं, काय काय इचारलं म्हनून. उत्तरं पाळकबाईंनी सांगितली. मंग समदं वचनावानी पाठ करून घेतलं."

आम्ही ख्रिस्ती, आणि पाळकबाई म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांची बायको. दर रविवारी देवळात पोराने उभं राहून बायबलातलं वचन म्हणायचं आणि ते चुकलं तर आईची मान खाली, ही आमच्याकडची रीत. बुद्धी मोजायला येतात तेव्हा घोकायचं नसतं, हे आईला कुणी सांगितलं होतं? आणि मला तरी तिच्यावर चिडता कुठे येत होतं? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लेक पहिली आली होती.

सकाळी मी मोटारीच्या थांब्यावर प्रोफेसरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं,

"पण तुमच्या वर्गात ती शिकली, हे खरं ना?"

"खरं."

"मग माझं म्हणणं बरोबरच आहे की."

"पण वर्ग बंद होतोय, साहेब."

"मागे पडलेली मुलंच नाहीत, तर तो चालवायचा कुणासाठी?" म्हणाले, आणि मोटारीत बसले. त्यांचं म्हणणं खरं होतं, पुरावा खोटा होता, आणि त्यातलं नेमकं काय मोडून काढायचं ते मला सुचेना.

धाकटी हेडमास्तरांच्या वर्गात गेली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं, "नगर शहर कोणत्या नदीकाठी आहे?" ती उठली, देवळात जोडतात तसे हात जोडले आणि म्हणाली, "लाकूड तरंगतं. दगड बुडतो. घर पेटलं तर पाणी ओतावं." पोरं हसली. हेडमास्तरांनी दुसरं काही विचारलं, तर तिने प्रोफेसरांच्या प्रश्नांची पुढची उत्तरं सांगितली, क्रमाने, एकही न चुकता. बाजूच्या खोलीत शिकवता शिकवता मी ऐकत होते.

पुढे ती शाळेत गप्प बसायला लागली. वाचायला दिलं तर पुस्तकावर नुसतं बोट फिरवायची. गुळगुळीत कागदावर बोटाला काय लागणार? मी हेडमास्तरांना विनवलं, वर्षभर तरी तिला माझ्याकडे द्या. ते म्हणाले, "पहिल्या आलेल्या मुलीला खाली बसवू? लोक काय म्हणतील?"

त्या संध्याकाळी मी ज्वारी पाखडत होते. ती शेजारी येऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आक्का, त्या साहेबांना सांग ना, मला परत ढ करा म्हणून."