एक्सलचा जुना नट

मिस्त्री,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं, तरी तुमच्या गॅरेजपाशी आले की मी रस्ता ओलांडते. भुतांवर माझा विश्वास नाही. पण नट सुटल्याचा तो कट् आवाज मला आजही तिथे ऐकू येतो.

जुन्या गाड्यांचे गंजून बसलेले एक्सलचे नट सोडवावेत ते तुम्हीच. पान्याचा दांडा पुरत नसे, म्हणून त्यावर नळाचा पुरुषभर पाइप चढवायचात आणि मला गाडीत बसवायचात. "बाई, वर्गाला धरता तसा ब्रेक दाबून धरा." मग पाइपच्या टोकावर उभं राहून अख्खं वजन टाकायचात.

त्या दिवशी कॉलेजची व्हॅन होती, जबाबदारी माझी. बेअरिंग बदलून झालं आणि तुम्ही नट हातात फिरवत बसलात.

"याची कड खाचेत ठोकलेली असते, बाई. एकदा वाकली की दुसऱ्यांदा धरत नाही. नवा उद्या मिळेल."

"उद्या सकाळी सहल आहे. इतकी वर्षं धरलं, एक दिवस नाही धरणार?"

तुम्ही तोच नट पुन्हा ठोकलात.

मुलांना घ्यायला निघालेल्या रिकाम्या व्हॅनचं चाक वळणावर निखळलं. ड्रायव्हरचा पाय गेला, पाठोपाठ नोकरी. "वळण मीच जोरात घेतलं," असं तो म्हणत राहिला आणि आपण त्याला म्हणू दिलं. चूक ड्रायव्हरची, असं लिहिलेल्या चौकशीच्या कागदावर सही माझी.

त्यानंतर काढलेला प्रत्येक जुना नट तुम्ही छिन्नीने फोडायचात, कुणी परत लावू नये म्हणून. जेवता जेवता उठून दारातल्या गाडीची चाकं हलवून बघायचात. लोक म्हणत, मिस्त्रींचं डोकं फिरलंय. मला कारण माहीत होतं आणि मी गप्प होते.

एकदा माझ्या दारात येऊन उभे राहिलात. "त्या ड्रायव्हरकडे जाऊन येऊ, बाई. मला बोलता यायचं नाही. तुम्ही सांगा, मी शेजारी उभा राहतो."

"पेपर तपासून होऊ देत. रविवारी जाऊ."

"कुठल्या, तेवढं सांगा."

पेपर झाले. मग निकाल, मग निवृत्ती, मग मोतीबिंदू. निमित्तांची मला कधी वाण पडली नाही, मिस्त्री.

परवा तो दवाखान्यात भेटला. "अजून ते वळण स्वप्नात येतं, बाई. जरा हळू घ्यायला हवं होतं मी."

"उद्या घरी येते. बोलायचंय तुझ्याशी," एवढंच मला जमलं.

काल त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गेले. तो दारात बसला होता, शेजारी माझ्यासाठी खुर्ची मांडून. बराच वेळ उभी राहिले आणि परत आले.