हिरकणीला परका हात

काचेच्या दुकानाच्या मालकिणीला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ फिरली की तोफ. खोटं कशाला बोला, नाव शोभत होतं. त्या एका आठवड्यात तिनं दुकानातला फोन भिंतीवर आपटून फोडला होता आणि आरशाच्या मापावरून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला कॉलर धरून पायरीखाली उतरवलं होतं. घरी नवरा "जरा झोप गं" एवढंच म्हणाला, तर त्याच्या अंगावर ताट भिरकावलं. बिचारा तेव्हापासून तिच्याशी दारात उभा राहूनच बोलायचा.

मूळ कारण होतं हिरकणी. काच कापायचं हत्यार ते. लाकडी मुठीच्या टोकाला हिऱ्याचा कण. हिरकणी एकाच हाताच्या कलाला सरावते, परका हात लागला की रेघ भरकटते, असं वडिलांनी तिच्या डोक्यात भरलं होतं. ते गेल्यापासून नऊ वर्षं तिनं ती कुणाला शिवू दिली नव्हती. धाकटा भाऊ चौतिशीला आला, दोन पोरांचा बाप झाला, तरी त्याचं काम काय? काचा उचल, पूस, नेऊन बसव. "मला निदान नवी तरी घेऊन दे," असं तो म्हणाला की उत्तर ठरलेलं, "का? माझे हात झडलेत?"

झडले नव्हते, पण थरथरायला लागले होते. सुट्टी नाही, आजारपण नाही, जेवणही उभ्या उभ्या. आदल्याच दिवशी एका ठेकेदारानं चाळीस खिडक्यांच्या काचा दोन दिवसांत मागितल्या आणि ही "देते" म्हणून मोकळी झाली. ती सगळ्यांनाच देते म्हणायची.

त्या दुपारी माप घेता घेता ती स्टुलावर टेकली आणि बसल्या जागी गाढ झोपली. कर्र आवाजानं दचकून उठली. टेबलाशी भाऊ वाकला होता आणि त्याच्या हातात तिची हिरकणी होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठेव! खाली ठेव म्हणते ना, चोरा!"

"ताई, थांब गं, रेघ अर्धी झालीय..."

थांबते कसली! मापाची लाकडी पट्टी उचलून तिनं त्याच्या पाठीत हाणली. एकदा, दोनदा. तिसरा फटका कानावर बसला आणि कान फुटला. "अगं, ऐक तरी!" म्हणत तो हात आडवे धरून मागे सरकला, तशी तिनं त्याच्या छातीवर सगळ्या जोरानिशी धक्का मारला. तो जाऊन आदळला काचा टेकवून ठेवायच्या मांडणीवर. अख्खी मांडणी हलली आणि पुरुषभर उंचीची एक काच पुढे कलली.

पडती काच कधी धरायची नसते. बाजूला व्हायचं आणि फुटू द्यायची, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. भावालाही ते पक्कं ठाऊक होतं. पण काच ताईच्या डोक्यावर चालली होती, म्हणून त्यानं ती उजव्या हातानं धरली.

काच त्याच्या पंजातून सर्रकन घसरत गेली आणि खाली ठिकऱ्या झाल्या. रक्ताची चिळकांडी ताईच्या तोंडावर उडाली.

"अरे, सोडायची रे! सोडायची ना मेल्या!" ती किंचाळली आणि ओढणीनं त्याचा हात आवळून बांधायला लागली.

दवाखान्यात डॉक्टरनं हात शिवला. अंगठ्याची नस तुटली होती. सहा महिने काही धरायचं नाही, आणि पुढेही पकड पहिल्यासारखी येईल याचा भरवसा नाही, असं तो म्हणाला. मग फुटलेला कान बघून त्यानं विचारलं, "झालं कसं?"

पाय घसरला म्हणेल, अशी ताईची खात्री होती.

"बहिणीनं मारलं," भाऊ म्हणाला.

"हो, मीच मारलं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बाहेर बाकावर बसल्यावर तिला रडू आवरेना. "तू काळजी करू नकोस. तुझंही काम मी करीन."

"ताई, आता गप्प बस. दोन महिन्यांत तू सव्वीस काचा चुकीच्या कापल्यास. कुठं बोटभर कमी, कुठं लांबीची रुंदी. तू घरी गेलीस की मी थांबून परत कापायचो, तुझ्याच हिरकणीनं. एक तेवढा आरसा सुटला नजरेतून, आणि त्या माणसाला तू कॉलर धरून हाकललंस."

नऊ वर्षं ज्या हातावर तिचा भरवसा नव्हता, तोच तिची लाज राखत होता आणि तोच तिनं निकामी केला होता.

मोबाईल वाजला. ठेकेदार. 'देते' तिच्या ओठांवर आलंच होतं.

"नाही जमणार," ती म्हणाली. "उद्या नाही, या महिन्यातही नाही. दुकान बंद आहे."

पलीकडून शिव्यांचा पट्टा सुटला. एरवी तिनं त्याची जीभ हासडली असती. आज तिनं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

भाऊ बँडेजकडे बघत होता. "हे तुला काल म्हणता आलं नसतं का गं?" तो म्हणाला.