संपलां म्हंजे झालां नाय

माझं अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे आणि वेलांट्या कुठे कशा पडतील ते मलाच ठाऊक नसतं. चौथीनंतर पाटी सुटली. कोणाच्या हाती ही पानं लागलीच तर त्याने मनावर घेऊ नये. तबस्सुम विसरायला होऊ नये, म्हणून लिहिते आहे.

रत्नागिरीजवळ भाट्याला आमच्या वाडीच्या टोकाला तिने माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. मूळची खेडची. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच कॉम्प्युटरवर करायची. मी तिच्याकडे दोन वेळचं जेवण करायला जायची. पहिल्याच दिवशी मला वाटलं, ही पोर त्या यंत्राशी बोलते. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, ती ओळ काहीतरी करून गप्प व्हायची आणि लगेच ही पुटपुटायची, "काय झालां?" मग पुन्हा काहीतरी टाइप करायची आणि पडद्यावर एक आकडा उमटायचा. बहुतेक वेळा शून्य. शून्य दिसलं की खूष.

मी लाजरी, पण चार दिवसांनी राहवलं नाही. म्हटलं, "बाय, शाळेत आमच्या बाई शून्य दिलां की छडी मारायच्या. तू हसतेस कशी?"

ती म्हणाली, "मावशी, घावन चांगलां झालां तर मी विचारते काय, कसां चांगलां झालां? पण बिघडलां तर? करपलां, कच्चां राह्यलां, तव्याला चिकटलां, खारट झालां. चांगलां व्हायची रीत एकच, बिघडायच्या शंभर. म्हणून चांगल्याला एकटां शून्य, बाकीचे सगळे आकडे बिघाडाला."

तिथपासून मला त्या आकड्यांचा नादच लागला. भाकऱ्या थापता थापता मी विचारायची आणि ती सांगायची. आकडे तिने काढलेले नव्हते, जुने ठरलेले होते. सगळे पाळत नाहीत, ती पाळायची. जी वस्तू घेऊन काम करायचं तीच सापडली नाही, तर सहासष्ट. तुला हे करायची परवानगीच नाही, तर सत्त्याहत्तर. आणि पंचाहत्तर म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने परत ये. बाजारात बांगडा नव्हता म्हणून मी रिकामी पिशवी घेऊन आले, की दारातच म्हणायची, "सहासष्ट काय गो?"

तिची दोन वाक्यं ठरलेली. एक म्हणजे, "संपलां म्हंजे झालां नाय. कसां संपलां ते विचारायचां." आणि दुसरं, "विचारायचां तर लगेच. मधे दुसरां काय केलांस की पहिल्याचा आकडा पुसला जातो."

एकदा ती फार चिडलेली होती. आधीच्या कोणी लिहून ठेवलेला एक प्रोग्राम काम होवो न होवो, शेवटी शून्यच द्यायचा. कित्येक दिवस हिशेब पुढे गेलेच नव्हते आणि शून्य बघून कोणी आत डोकावलंही नव्हतं. "खोटारडा मेला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू पण त्यातलीच. कधी विचारा, 'बरी हाय'."

मी हसून तव्यावरची भाकरी उलटली.

आमचे हे जहाजावर खलाशी. त्या साली करार पुरा व्हायच्या आधीच अचानक घरी आले. बॅग पडवीत ठेवली आणि म्हणाले, "काम संपलां, आलो." शेजारणी जमल्या, सासूबाईंनी काय काय आणलं ते विचारलं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि चहाचं न विचारता हळूच म्हटलं, "संपलां कसां?"

इतक्या वर्षांत मी त्यांना असलं काही विचारलं नव्हतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आत्ता नको. मागनं."

एरवी मी तिथेच गप्प झाले असते. पण मनात आलं, हे सत्त्याहत्तर की पंचाहत्तर? तुला काय करायचांय, असं काही ते म्हणाले नव्हते. मागनं म्हणाले होते. म्हणजे दार लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. परत, "मागनं." त्यानंतर एका सकाळी ते बशीत चहा ओतत होते, तो बशीच्या बाहेर पडला. मी फडकं घेऊन खाली बसले आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"डाव्या डोळ्यानं दिसत नाय," ते म्हणाले. "तपासणीत सापडलां, उतरवलां मला. दुसऱ्या एजंटाला गाठतो, त्याला सांगायचां नाय. तूपण कोणाला बोलू नको."

वाडीत मी कोणाला बोलले नाही. त्यांना मात्र त्याच आठवड्यात रत्नागिरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कुरकुरत आले, पण आले. साखर डोळ्यांत उतरली होती. डॉक्टर म्हणाले, डाव्याचं आता फार काही करता येणार नाही, उजवा वाचेल. असेच परत जहाजावर गेले असते तर दोन्ही गेले असते.

फक्त तबस्सुमला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. मला वाटलं, आता आपला एखादा आकडा सांगेल. तिने विचारलं, "आणि तू कशी हायस?"

"बरी हाय."

"खोटारडी," ती म्हणाली आणि माझ्या ताटात तिच्यातलं अर्धं घावन टाकलं.

पुढे कंपनीने तिला पुण्याला बोलावून घेतलं. रिक्षात सामान चढलं. ती पाय आत घेता घेता थांबली. "मावशी, काय झालां?"

कसंबसं म्हटलं, "पंचाहत्तर."

ती हसली, मग ओढणीने डोळे पुसले. रिक्षा पुलाकडे वळली.

संध्याकाळी मी भात टाकत होते, तेवढ्यात फोन वाजला. तिने कसा काय प्रवास झाला तेही सांगितलं नाही. म्हणाली, "आता विचारू?"

मी भाताचं पातेलं उतरवून ठेवलं, पाटावर बसले आणि सांगायला लागले.